मागचा पोर्ट

नौपाडा, ठाणे
४ नोव्हेंबर २०२५

चि. शिवानी हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू ब्लॉक केला असावास, असं अपूर्व म्हणतो. म्हणून पत्र. खडवलीचा पत्ता तुझ्या जुन्या अर्जावर सापडला.

कळव्याच्या रंभाबाई सप्टेंबरात गेल्या. शहाऐंशी म्हणजे वय झालंच होतं. त्यांची नात रचना परवा आपल्या मुलाखतींच्या संग्रहात आली होती. आजीची मुलाखत तिला हवी आहे, अख्खी, तू कॅमेऱ्यात घेतलीस तशी. मिठागराच्या बांधावर बसून रंभाबाई मीठ कसं ओढायचं ते हातवारे करून सांगतात, तो भाग तिने कधी पाहिलेलाच नाही. मुलाखत आपल्या काळ्या डिस्कवर आहे. काढून देते म्हणाले.

तुला एकच विचारायचं आहे. इथल्या कॉम्प्युटरवर काम करताना ती डिस्क तू कुठे लावायचीस, पुढच्या बाजूला की मागच्या? आणि केबल कुठली? आठवेल तेवढं कळव. कामापुरतं विचारते आहे.

फेब्रुवारीतलं आता उगाळण्यात अर्थ नाही. तुझं कसं चाललं आहे? आईंची तब्येत बरी ना?

सोबत माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

सुमती आगाशे


नौपाडा
१३ नोव्हेंबर २०२५

शिवानी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटायला काही कारणही नव्हतं. मागच्या पत्रात मी आशीर्वाद लिहिले आणि खरी गोष्ट गाळली. आज उलट करते.

ऑक्टोबरच्या शेवटी संग्रहात इलेक्ट्रिशियन आला होता. टेबलामागचा बोर्ड बदलायचा होता, म्हणून त्याने सीपीयूचा डबा फिरवला आणि तसाच ठेवून गेला. पाठ बाहेर, तोंड भिंतीकडे. रचना येऊन गेल्यावर मी डिस्क घेतली आणि समोर दिसला त्या पोर्टला लावली. आत निळी पट्टी असलेला होता. रंभाबाईंची फाईल चाळीस जीबीची. आम्हाला ती उतरवायला सतरा मिनिटं लागायची, म्हणून कॉपीला लावून मी चहा ठेवायला उठले. पाणी उकळायच्या आत काम संपलं होतं. मला वाटलं, मध्येच तुटली. उघडून पाहिली. दोन तासांची मुलाखत पहिल्यापासून शेवटपर्यंत होती.

मग डबा सरळ केला. पुढच्या पोर्टला लावली. सतरा मिनिटं. पुन्हा मागे. दीड मिनिट. पुन्हा पुढे. चहा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा केलं आणि वहीत लिहिलं. तीस वर्षं मी मुलांना फिजिक्स शिकवताना बजावत आले की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे डिस्क तीच, फाईल तीच, केबल तीच, कॉम्प्युटर तोच. बदलला होता फक्त पोर्ट.

आता फेब्रुवारीबद्दल. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याजवळ असायला हवं.

डिस्क तू संस्थेच्या पैशाने आणली होतीस, चांगल्या कंपनीची, वेगवान. अपूर्वने, माझ्या भाच्याने, ती संग्रहातल्या कॉम्प्युटरला लावून तपासली आणि मला म्हणाला, "आत्या, खोक्यावर हजार लिहिलंय आणि ही सेकंदाला चाळीस एमबी देतेय. ही ओरिजिनल नाही. वरचं कव्हर तेवढं खरं, आत डुप्लिकेट माल आहे." मी तुला सभेत बोलावलं. सगळ्यांच्या देखत विचारलं, "खरी डिस्क कुठे आहे?"

तू आधी हसलीस. मी चेष्टा करते आहे असं तुला वाटलं. मग म्हणालीस, "मॅडम, हीच ती. माझ्या लॅपटॉपवर फास्ट चालते, इकडे पुढच्या साइडला स्लो होते. मागे लावून बघा ना, दोन मिनिटांचं काम आहे."

मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं, कारण ते म्हणताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. म्हणाले, "वस्तू तीच असेल तर भोक बदलून वेग बदलत नाही, शिवानी. मला फिजिक्स शिकवू नकोस."

टेबलाभोवती वळसा घालून दोन मिनिटं बघायचं होतं. मी उठले नाही. तू पिशवी घेतलीस, किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. तीन वर्षांचं काम होतं तुझं इथे. त्यानंतर तुझं नाव मी मुलाखतींच्या फिल्मच्या शेवटच्या पाट्यांमधूनही काढायला लावलं.

तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं.

पण पत्र इथे संपवलं तर मी एवढं लिहून मोकळी होईन. तेवढं पुरणार नाही. काय करायचं ते ठरवते आहे आणि करणार आहे.

सुमती आगाशे


नौपाडा
२२ नोव्हेंबर २०२५

शिवानी,

स्टेशनरोडवर दिपेश म्हणून एकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डबा रिक्षात घालून त्याच्याकडे नेला. आपल्याला काय कळलं नव्हतं, ते नीट कळल्याशिवाय मला कुणासमोर तोंड उघडायचं नव्हतं.

त्याने झाकण काढलं आणि आतली वायर बोटाने दाखवली. "काकू, बाहेरून भोकं सेम दिसतात. हे पुढचे दोन जुन्या टाइपचे. कीबोर्ड, माउसला ठीक आहेत. हे मागचे निळे नव्या पिढीचे. डिस्क लावली की दोघं आधी एकमेकांना विचारून घेतात, तुला किती जमतं? ज्याला कमी जमतं, त्याच्या स्पीडने गाडी चालते. डिस्क कितीही भारी असू दे."

मी विचारलं, "आणि केबल?"

"केबलचंही तेच. मोबाइल चार्जिंगची केबल फिट बसते, पण तिच्यात तारा कमी असतात. लोक येतात माझ्याकडे, डिस्क खराब झाली म्हणून. मी केबल बदलून परत देतो."

लोक येतात. म्हणजे हे रोज घडणारं आहे, दुकानदाराला पाठ आहे, आणि आम्ही एका मुलीला त्यावरून चोर ठरवलं.

अपूर्वला घरी बोलावलं. तो म्हणाला, "आत्या, मी रीतसर टेस्ट काढलेली. आकडा खोटा नव्हता."

"कुठल्या पोर्टला लावून?"

"समोरच्या. सगळे समोरच लावतात."

"ती सांगत होती मागे लावा. लावून पाहिलंस?"

त्याने नकाराची मान हलवली. मग म्हणाला, "तू एवढ्या खात्रीने बोललीस की मला वाटलं तुला माहितीये." मला वाटत होतं त्याला माहीत आहे. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो ना तो.

आपले अध्यक्ष प्रशांत गोखले यांनाही भेटले. त्यांना विषय नको आहे. "सुमतीताई, मुलगी गेली, तिने दुसरीकडे काम धरलं असेल. आता हे उकरून काढलं तर संस्थेचं नाव जाईल. देणगीदारांना काय सांगायचं?"

म्हटलं, "न तपासता बोललो, असं सांगायचं."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणतील."

पुढच्या सभेत विषय घ्यायला लावणार आहे. नाही घेतला तर उभी राहून बोलणार.

आता जे तुला माहीत नाही ते. हे लिहायला मला चार दिवस लागले.

मार्चमध्ये कल्याणच्या एका कॉलेजात तू अर्ज केला होतास, त्यांच्या व्हिडिओ विभागात. तुझ्या अर्जात चौकशीसाठी माझं नाव होतं, तू ते काढलं नव्हतंस. तिथल्या विभागप्रमुखांचा मला फोन आला. मी म्हणाले, "काम उत्तम करते." आणि मग, त्यांनी विचारलेलं नसताना, म्हणाले, "फक्त महागाच्या वस्तू तिच्या ताब्यात देताना लक्ष असू द्या."

एवढंच एक वाक्य. फोन ठेवल्यावर आपण कर्तव्य केलं असं मला वाटलं. तुझी निवड झाली नाही, ती त्या वाक्यामुळे.

यानंतर तू पत्रं न उघडता टाकलीस तरी चालेल. मी लिहीत राहीन.

सुमती आगाशे


नौपाडा
६ डिसेंबर २०२५

शिवानी,

काल कल्याणला जाऊन आले आणि तिथून खडवलीला. तू घरी नव्हतीस. आईंनी सांगितलं असेलच, पण माझ्या बाजूने लिहिते.

कॉलेजात विभागप्रमुख पाऊण तासाने भेटले. मी लेखी नेलं होतं. माझं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली ते का खोटं होतं ते, आणि प्रयोगाची वही झेरॉक्स करून. त्यांनी वाचलं. म्हणाले, "बाई, तुम्ही फोनवर फार शांतपणे बोलला होतात. म्हणून मला ते खरं वाटलं." त्या जागेवर तेव्हा दुसरा माणूस घेतला, तो कंत्राटावर आहे, जानेवारीत पुन्हा मुलाखती आहेत. "पत्र फाईलला लावतो," म्हणाले. याहून जास्त काही म्हणाले नाहीत, आणि मी काही मिळवून आणल्यासारखं तुला सांगणार नाही.

खडवलीला स्टेशनबाहेर तुझ्या वडिलांचं, उत्तम बांगर असं नाव सांगितल्यावर एकाने घरापर्यंत आणून सोडलं. दारात आई तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण उठल्या नाहीत.

"तुमी होय," म्हणाल्या. "उन्हातनं आलाय, बसा. पण पाणी मी देनार नाय, आधीच सांगते. पाणी दिलं की मानूस पावना होतो."

मी बसले. जे सांगायचं होतं ते सांगितलं, फोनचंही. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, माझी पोर त्या दिवशी घरी आली नि पिशवी उलटी करून माज्यापुढं धरली. म्हणाली, आये, बघ. बघ तूच. मी म्हनलं, मी कशाला बघू, मला ठाव नाय का? तर म्हणाली, नाय, कुनीतरी बघायला पायजेल. मग मी बघितलं. डबा, वढणी, पाण्याची बाटली. येवढंच व्हतं."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"तुमची पत्रं वाचती ती," त्या म्हणाल्या. "वाचून घडी घालून ठेवती. फाडत नाय. येवढंच सांगते."

मी नमस्कार केला आणि निघाले. स्टेशनवर येऊन नळाचं पाणी प्यायले. आईंनी केलं ते मला पटलं, हे त्यांना सांग. किंवा नको सांगूस.

सुमती


नौपाडा
२३ डिसेंबर २०२५

शिवानी,

तुझं पत्र मिळालं. एकच पान, पण मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहितेस, "फोनचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं माझी मुलाखत खराब झाली. आठ महिने मी तीच मुलाखत मनात पुन्हा पुन्हा देतेय, कुठे चुकलं ते शोधतेय." तुझं वाक्य माझ्या वहीत उतरवून ठेवलं आहे, म्हणजे मी विसरणार नाही.

तू लिहितेस, डोंबिवलीच्या एका स्टुडिओत लग्नांचं एडिटिंग करतेस, संग्रहात परत यायचं नाही. मी बोलावणारही नव्हते. बोलावून माझ्याच मनाचं ओझं उतरलं असतं.

तू लिहितेस, माझा प्रयोग अपुरा आहे. "मागच्या पोर्टलाही ती अर्ध्याच स्पीडने चालते, मॅडम. तिथे सव्वाचारशे मिळत असणार. माझ्या लॅपटॉपला दोन पोर्ट सेम दिसतात, पण डाव्या बाजूचा हजारच्या जवळ जातो. बघा." दिपेशकडे जाऊन पाहिलं. त्याच्या नव्या मशीनवर, डिस्कच्या स्वतःच्या केबलने, सेकंदाला नऊशे साठ एमबी. चाळीस जीबीला पंचेचाळीस सेकंदही लागले नाहीत. वहीत तुझ्या नावाने नोंद केली.

आणि तुझी अट: "सभेत सात जण होते. सातही जणांना तुम्ही स्वतः सांगा. तेवढ्याच मोठ्याने."

ते केलं. कसं ते लिहिते.

सभेत प्रशांतरावांनी विषय घेतला नाही, तेव्हा मी उभी राहिले. बसायला सांगितलं, बसले नाही. फेब्रुवारीचं इतिवृत्त सचिव म्हणून मीच लिहिलं होतं, "सौ. आगाशे यांनी गैरप्रकार उघडकीस आणला." ते वाचून दाखवलं. मग डिस्क पुढे लावली, सगळ्यांना सतरा मिनिटं बसवून ठेवलं. कुणी घड्याळ पाहत होतं, कुणी मोबाइल. मग मागे लावली. दीड मिनिटात काम संपलं. मी म्हणाले, "शिवानी हे करा म्हणत होती. आपण केलं नाही. मी करू दिलं नाही." नवं इतिवृत्त मी लिहिलं, तिघांनी सह्या केल्या. प्रशांतरावांनी केली नाही, पण आता त्याने अडत नाही. प्रशांतराव धरून इथले चार झाले. पाचवे सभासद मुलाकडे पुण्याला असतात, तिथे जाऊन सांगून आले. सहावा अपूर्व, तो तुझ्या स्टुडिओत येऊन तुला भेटणार आहे. मी पाठवलेलं नाही, तो स्वतः म्हणाला. भेटायचं की नाही ते तू ठरव.

असे सहा झाले. सातवा मला आठवेना. तुझी मोजण्यात चूक झाली असं वाटलं. हो, अजूनही मला आधी तेच वाटतं. दोन दिवसांनी आठवलं. काळुराम. चहा घेऊन आला होता आणि ट्रे धरून भिंतीला उभा होता. त्याला मी मोजलाच नव्हता.

काळुराम दिवाळीपासून कामावर येत नाही, गुडघे गेलेत. कळव्याला राहतो. दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पोरगी रोज खाली वाकून मागे वायर लावायची. मी एकदा म्हटलं, पुढे लाव की, कंबर कशाला मोडतेस? तर म्हणाली, काका, पुढे हळू चालतं. मी झाडू मारताना बघायचो, दोन मिनिटांत तिचं काम व्हायचं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही विचारलं नाही," काळुराम म्हणाला. "एवढी शिकलेली माणसं बसलेली. चहा देऊन बाहेर जायचं माझं काम."

त्याच्या घरी मात्र पाणी मिळालं. मी ते प्यायले.

सातही झाले. तू मागितलेलं अनुभवाचं पत्र सोबत आहे. त्यात विशेषणं घातलेली नाहीत, तू काय काय काम केलंस तेवढं लिहिलं आहे. एकशे बारा मुलाखती. शेवटच्या पाट्यांमध्ये तुझं नाव परत घातलं आहे. रचनाला दिलेल्या प्रतीत ते आहे.

सुमती


नौपाडा
१७ जानेवारी २०२६

शिवानी,

काल कॉलेजात तू मला पाहिलंस. मी येणार हे तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मला यायचंच होतं. त्या कॉलेजात माझं एक वाक्य तुझ्या आधी पोचलं होतं. ते पुसायला कागद पुरेल याची मला खात्री नव्हती.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. मला कुणी बोलावलं नाही. मुलाखत घेणारे तिघेही जेवायला निघाले तेव्हा मी उठून त्यांच्या वाटेत उभी राहिले. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, तुमचं पत्र वाचलंय आम्ही."

"वाचलं असेल. पण मी सांगितलं होतं तोंडाने, म्हणून तोंडानेच सांगायला आले आहे. ती प्रामाणिक आहे. आणि मी, डोळ्यांसमोर असलेली गोष्ट बघायला उठले नाही."

त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आम्ही तिला विचारलं, आधीची संस्था का सोडली. ती म्हणाली, एका मशीनवरून मतभेद झाले होते, आता मिटलेत. तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलली नाही."

मी तिथेच रडले. अडुसष्टाव्या वर्षी, कॉलेजच्या पॅसेजमध्ये, जेवायला निघालेल्या तीन अनोळखी माणसांसमोर. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "मतभेद नव्हते. मी आरोप केला होता. तुमच्याकडे तसं नोंदवून घ्या." त्यांनी नोंदवलं. मी बघितलं.

निकाल काय लागेल मला माहीत नाही. लागला की तुला कळेल, आणि मला कळवण्याचं तुझ्यावर बंधन नाही. नाही झाली निवड, तर तू पुढे जिथे अर्ज करशील तिथेही मी जाईन, तू नाव टाकलंस तर. माझे पाय चालतायत तोवर.

यापुढे पत्रं पाठवत नाही. माझी बाजू लिहून झाली, आता तुझ्या दारात पाकिटं टाकत राहणं बरोबर नाही.

एक मात्र लिहून ठेवते. तू बाहेर आलीस, फाईल छातीशी धरलेली. मला बाकावर पाहून थांबलीस. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आले होते. तू माझ्याकडे बघितलंस, बाकाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मॅडम, तिथे ऊन आलंय. सावलीत सरका." आणि जिना उतरून गेलीस.

मी सरकले.

सुमती